अँटेना फिरवणारी

दहावीत असताना आम्ही चार मैत्रिणी दर रविवारी कॉलेजातल्या पोरापोरींची एक विनोदी मालिका बघायचो. पारनेरात आमच्या गल्लीत रंगीत टीव्ही एकीच्याच घरी होता, त्यामुळे त्या मालिकेतली कोण कुणासारखी, हे ठरवायचा हक्कही तिचाच. ती स्वतः अर्थातच नायिका. नायिका भरधाव स्कूटी चालवायची आणि हिला सायकलवर डबलसीटसुद्धा धड बसता यायचं नाही. पण टीव्ही तिच्या बापाचा होता. दुसरी झाली फॅशनवाली, कारण तिच्या मामाने पुण्याहून जीन्स आणली होती. घरच्यांनी ती तिला एकदाही घालू दिली नाही, ते सोडा. तिसरी बंडखोर. ही बंडखोर आईला विचारल्याशिवाय वेणीची रिबीनसुद्धा बदलत नसे.

"आणि मी?"

"तू ती चष्मेवाली. नायिकेची सगळी कामं करती ना, ती."

मी तडकलेच. "मी काय कुनाची कामं करायला बसले न्हाई! माझा सोभाव लई वेगळा हाय!"

तेवढ्यात पडद्यावर मुंग्या आल्या. तिघींनी माझ्याकडे बघितलं. उंच मीच, त्यामुळे स्लॅबवर चढून अँटेना फिरवायचं काम कायम माझं. मी रागारागात जिना चढले, अँटेना फिरवला आणि वरून ओरडले, "आलं का?"

पुन्हा ओरडले. खालून तिघींच्या हसण्याचा आवाज आला, म्हणजे चित्र आलं होतं.