शेफिक उस्ता आणि सानियेची पहिली बंदूक

शेफिक उस्ताकडे नवशिकं गिऱ्हाईक आलं, की पहिला अर्धा तास त्याला बंदूक हातात मिळतच नसे. उस्ता म्हणजे आमच्याकडचा मुरलेला कारागीर; तो आधी चहा मागवायचा. मग गिऱ्हाइकाची मान बघायचा, हाताची लांबी बघायचा, चालताना कुठला खांदा खाली पडतो ते बघायचा. आलेला माणूस बिचारा लग्नाच्या बैठकीत बसल्यासारखा अवघडून जायचा.

मग कुठे एखादी रिकामी बंदूक त्याच्या हातात यायची. "मिट डोळे. खांद्याला लाव. गाल टेकव. आता उघड. काय दिसतं?"

नळीच्या टोकावरचा पितळी मणी नाकासमोर दिसला, तर ती बंदूक त्याची. नाही दिसला, तर ती कितीही देखणी असो, उस्ता काढून घ्यायचा.

आमचं गाव बंदुका बनवणाऱ्यांचं. तळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. मी नळ्या बसवतो, शेफिक खांद्याला टेकणारे लाकडी दस्ते करतो. अडतीस वर्षं आम्ही पाठीला पाठ लावून काम केलं. त्याच्या अंगाला अक्रोडाच्या भुशाचा वास आणि माझ्या अंगाला तेलाचा. बायका आम्हाला अंधारातसुद्धा ओळखतील म्हणून आम्ही एकमेकांना चिडवायचो.

कुणी पोरगा पाच काडतुसांची बंदूक मागायला आला, की शेफिक त्याची खरडपट्टी काढायचा. "पाच भरशील तर चार उडवून देशील! एकच भर, म्हणजे बार काढण्याआधी डोकं वापरशील." पोरगा एकनळी घेऊन, तोंड पाडून घरी जायचा. चार वर्षांनी तोच बापाला घेऊन उस्ताचे आभार मानायला यायचा. असा हा माणूस. नवशिक्याला त्यानं आयुष्यात एकदाच खोटा सल्ला दिला, आणि त्याचा साक्षीदार मी आहे.

सानिये आमच्या बुऱ्हानची बायको. बुऱ्हान आमच्या दोस्तीतला तिसरा. दोन वर्षांपूर्वी चहाचा पेला हातात असतानाच गेला. वीस वर्षांपूर्वी त्याच्या लग्नात शेफिकनं त्याला एक दुनळी दिली होती. जड, बारा बोअरची. तिचा दस्ता अक्रोडाच्या मुळाचा होता. शेफिक तीन महिने त्यावर खपला होता. त्यानंतर त्याच्या हातून तसा दस्ता झाला नाही, हे तो स्वतःच सांगायचा. लांबून आलेले व्यापारी बुऱ्हानच्या घरी जाऊन तो दस्ता बघायचे, आणि शेफिक दारात उभा राहून नवऱ्यामुलाच्या बापासारखा मिरवायचा.

सानियेचं बिटाचं शेत अगदी रानाला लागून आहे. आमच्याकडे रानडुकरांसाठी हाका घालतात: हाकारे ओरडत रानातून डुकरं बाहेर काढतात आणि बंदूकवाले रांगेत उभे राहून टिपतात. ज्या घरची बंदूक रांगेत उभी, त्या घरचं शेत आधी. घरात बंदूक धरणारं कुणी नसलं तर नंबर शेवटचा. दोन वर्षं तिचा नंबर येईपर्यंत डुकरांनी शेत नांगरून ठेवलं होतं. शेवटी तिनं परीक्षा दिली, परवाना काढला, आणि बुऱ्हानची दुनळी चादरीत गुंडाळून उस्ताकडे आली.

"उस्ता, मला उभं राहायचंय. ही माझ्या मापाची होईल का बघा."

सानिये उंचीनं आमच्या काखेपर्यंत येते. तिनं बंदूक उचलली आणि दस्ता बगलेत अडकला. मणी कुठल्या कुठे. उपाय सरळ होता. दस्ता दोन-तीन बोटं कापायचा. तिलाही तो ठाऊक होता, मलाही.

शेफिकनं बंदूक परत चादरीत गुंडाळली. "ही तुम्हाला जड आहे, वहिनी. बाईमाणसाला हलकी बरी. मी एक एकनळी करून देतो."

माझी कानस थांबली. हलकी बंदूक खांद्याला लाथ मारते आणि जड बंदूक तो धक्का स्वतः गिळते, हे ओरडून ओरडून याच माणसाचा घसा बसला होता. मी वळून त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. आणि मी गप्प बसलो, हाही माझा गुन्हा धरा.

एकनळी झकास झाली. दस्ता सानियेच्या मापाचा, पिसासारखी हलकी. आठ दिवस ती गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत जाऊन पत्र्याचे डबे उडवायचा सराव करत होती. हाक्याचा म्होरक्या रेजेप एक दिवस बघायला आला, मी बरोबर होतो. तिनं नेम धरला, आणि चाप ओढायच्या क्षणी दोन्ही डोळे घट्ट मिटून मान फिरवली. डबा जागच्या जागी. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

रेजेप वाईट माणूस नाही. त्यानं टोपी काढली. "बहिणी, डोळे मिटणारं माणूस मी रांगेत उभं नाही करू शकत. पलीकडे हाकारे असतात, माणसं असतात. रविवारी तू चहा घेऊन ये, तुझ्या शेताचा हाका आम्ही घालू."

"शेवटी," सानिये म्हणाली.

"शेवटी," रेजेप म्हणाला.

संध्याकाळी तिनं एकनळी आणून शेफिकच्या फळीवर ठेवली. "दोष तुमचा नाही, उस्ता. माझ्यातच तो दम नाही. शेत विकून टाकते." बोलताना तिच्या अंगरख्याची गळपट्टी सरकली. खांद्यापासून मानेपर्यंत कातडी काळीनिळी झाली होती.

शेफिकनं ते बघितलं. हातातला रंधा त्यानं खाली ठेवला.

"वहिनी, मी तुमच्याशी खोटं बोललो. दम तुमच्यात आहे, बंदूक चुकीची आहे. तुम्हाला ती दुनळीच हवी होती. मला तो दस्ता कापवत नव्हता, म्हणून मी तुमचा खांदा फोडला. जा, ती घेऊन या."

ती गेली आणि घेऊन आली. शेफिकनं दस्ता कापड लावून शिकंज्यात बसवला, पेन्सिलनं रेघ मारली, करवत टेकवली. उचलली. परत टेकवली. मग माझ्यापुढे धरली.

"नजमी, तू काप."

"मी नळीवाला. त्या लाकडाला हात लावला तर तूच माझा मुडदा पाडशील."

सानिये शिकंज्यापाशी आली. मग हळूच म्हणाली, "उस्ता, रागावू नका. त्यांनाही ती लांबच व्हायची."

"कुणाला?"

"यांना. बार काढण्याआधी कोट काढून ठेवायचे ना?"

"हो! बर्फातसुद्धा नुसत्या सदऱ्यावर," मी म्हणालो. "गरम रक्ताचा गडी!"

"गरम कसलं, नजमी भाऊजी! दात वाजवत घरी यायचे. कोट अंगावर असला की दस्ता खांद्याला बसायचाच नाही. मी म्हणायचे, उस्ताकडून कापून आणा. तर म्हणायचे, शेफिकनं जीव ओतलाय त्यात. त्याला कोणत्या तोंडानं सांगू?"

शेफिकनं त्या दस्त्यावर थाप मारली, जणू बुऱ्हानच्या पाठीवर. "गाढवा," तो म्हणाला. "अरे गाढवा! अठरा वर्षं?" मग तो हसायला लागला, आणि हसता हसता रडायला लागला, आणि मीही. लोकांची मापं घेण्यात ज्याचा हात कुणी धरला नाही, त्यानं जिवलग मित्राचंच माप चुकवलं होतं, आणि मित्रानं ते थंडीत काकडत पदरात घेतलं होतं.

"किती लांब म्हणायचा?"

"एक बोट."

शेफिकनं आपली रेघ पुसली आणि एका बोटावर नवी मारली. या खेपेला करवत एकदाच टेकवली आणि आरपार ओढली. लाकडाची चकती खाली पडली, ती त्यानं उचलून खिशात टाकली. "हे बुऱ्हानचं राहिलं होतं." मग सानियेकडे वळला. "आता तुमचं, वहिनी. घरी जा आणि त्याचा कोट घालून या. माप कोटावरच घेतो."

शनिवारी रेजेपनं खाणीत तिचे पाच बार बघितले आणि टोपी डोक्यावर नीट बसवली. रविवारी पहिला हाका तिच्या शेताला घातला. सानिये बांधावर उभी होती, बाह्या दुमडलेला मोठा कोट, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. शेजारच्या जागेवर मी होतो. पाइनच्या झाडीतून डुक्कर सुटलं, तिनं बंदूक उचलली, आणि बार निघाला तेव्हा तिचे दोन्ही डोळे उघडे होते.