खाटेवरची मांजर

लम्दुअनच्या घरात तोंडाचा पट्टा चालायचा तो तिच्या मांजरीचा. जुक ही विचियनमात या थाई जातीची: अंग साईच्या रंगाचं, तोंड, कान, पंजे नि शेपटी काजळात बुडवल्यासारखी काळी, डोळे निळे. आवाज मात्र रडक्या पोराचा. लम्दुअन अंगणात नारळाच्या नीरेचा गूळ आटवत असली की ही चुलीपाशी बसून कटकट करणार. ‘‘काय गं?’’ म्हटलं की उत्तर. ‘‘गप की!’’ म्हटलं की त्यालाही उत्तर.

तसा त्या मांजरीचा खर्च काही नव्हता. वाफवलेल्या बांगड्याचा तुकडा भातात कुस्करला की झालं. केस इतके आखूड नि अंगासरसे की नुसता ओला तळवा पाठीवरून फिरवला तरी अंग चकाकायचं. फक्त एकटं सोडलेलं तिला चालायचं नाही. लम्दुअन दिसेनाशी झाली की सगळा अम्फवाचा कालवा ऐकेल असा टाहो फोडायची.

लम्दुअनला स्वतःला एकटं सोडून बरीच वर्षं झाली होती. नवरा मेक्लोंगच्या बाजारात मासे विकायला गेला आणि तिथल्याच एकीकडे राहिला.

तेव्हापासून कालव्याकाठच्या लग्नांत तिची जागा ठरून गेली. नवरीची खाट मांडायची ती संसार टिकलेल्या जोडप्याने. आधी त्यांनी वर आडवं व्हायचं, मग तांदूळ, तीळ, कोहळा, वरवंटा ठेवायचा आणि शेवटी मांजर. ती शांत बसली की घर भरतं. टाकलेल्या बाईने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. त्यामुळे लोक येत, ‘‘मांजर दे गं लम्दुअन,’’ म्हणत आणि टोपली आत नेत. लम्दुअन जिन्यात बसे. एरवी कान किटवणारी जुक खाटेवर कशी गप्प बसते याचं सगळ्यांना नवल वाटे. का, ते कुणी विचारलं नाही.

आज तर लग्न तिच्या पोटच्या पोरीचं, पिम्जायचं होतं. घर लम्दुअनचं, वरची खोली गूळ विकून तिनेच बांधलेली, आणि ती दाराबाहेर! सकाळपासून तिचं डोकं तापलं होतं. निदान मांजर तरी आपल्या हातची आत जाईल, एवढीच तिची आस होती.

खाट मांडायला शेजारचे तेमकाका नि जम्नियनकाकू आले होते. जम्नियनकाकूंनी टोपलीतून जुक काढली, तिच्याखालचं फडकं खाटेवर ठेवलं, तोच विहीणबाई रत्चनी पुढे सरसावल्या. बँकॉकच्या बाई, नजर तिखट.

‘‘थांबा हो. याला काठ आहे. हे मांजरीचं फडकं नाही, बाईचं कमरेला गुंडाळायचं पासिन आहे. नेसलेलं!’’

‘‘कुणाचं?’’ जम्नियनकाकूंनी विचारलं.

‘‘माझं,’’ लम्दुअन दारातून म्हणाली. ‘‘माझा वास असला की ती ओरडत नाही.’’

‘‘अगं बाई! मग आमच्या लेकीच्या, सुदाच्या खाटेवरपण हेच होतं?’’ जम्नियनकाकू म्हणाल्या.

‘‘होतं. सुदाच्या, तुझ्या भाच्याच्या, सगळ्यांच्याच. काय वाईट झालं? सुदाचा नवरा अजून तिच्यामागे शेपटासारखा फिरतोय!’’

तेमकाकांना हसू फुटलं. बायकोने डोळे वटारले तसं त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

रत्चनीबाईंनी पासिन चिमटीत धरून दाराबाहेर टाकलं आणि पिशवीतून चिनी मातीची मांजर काढली. ‘‘हल्ली सगळे हीच ठेवतात. ओरडत नाही, केस गळत नाहीत. त्या जुकला खाली न्या.’’

कुणीतरी जुकला खाली नेऊन स्वयंपाकघरात कोंडलं. लम्दुअनने पासिन उचलून मांडीवर घेतलं. संताप इतका आला होता की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आत तेमकाकांनी आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली नि खालून जुकने सूर लावला. काकांनी आवाज चढवला, तिनेही चढवला. शेवटी आपण काय म्हणतोय ते त्यांनाच ऐकू येईना.

पलीकडच्या खोलीत नटून बसलेली पिम्जाय उठली. खाली जाऊन जुकला घेऊन आली, आईच्या मांडीवरचं पासिन उचललं आणि सरळ आत जाऊन मातीची मांजर बाजूला सारली. पासिन खाटेच्या मधोमध पसरलं, काठ वर करून. जुक त्यावर गोल फिरली, बसली आणि गप्प झाली.

‘‘अगं, अपशकुन होईल!’’ रत्चनीबाई म्हणाल्या.

‘‘याच पासिनाच्या झोळीत मी वाढले, आई,’’ पिम्जाय सासूला म्हणाली. मग दाराकडे वळली. ‘‘तू आत ये गं.’’

लम्दुअन उभी राहिली. याच हाकेसाठी तर जीव तुटत होता, पण आता पाय उचलेना.

‘‘इतकी वर्षं मांजर मागायला आलात,’’ ती जम्नियनकाकूंकडे बघत म्हणाली. ‘‘लम्दुअन, तूही चल, असं एकदा तरी म्हणालात?’’

जम्नियनकाकू खाटेवरचा कोहळा उगाच सारखा करायला लागल्या. प्रत्येक वाक्याला उत्तर देणारी जुकसुद्धा पासिनावर गप्पच होती.