डॉक्टरचा कट्टा

"तोंड नको दाखवू. हात दाखव."

डॉक्टर माझ्या मायला म्हणाला. गोंदियाहून गाडीनं आलेला, कडक इस्त्रीचा, सट्टेदाराच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसलेला. सट्टेदार म्हणजे बिडीवाल्या शेठचा गावातला माणूस. तेंदूचा पत्ता आणि तंबाखू तोच द्यायचा. वळलेल्या बिड्या तोच मोजून घ्यायचा. वाकडी-पोचट दिसली की छाट म्हणून बाजूला काढायचा. छाटीचे पैसे नाहीत. छाट परतही नाही.

मायनं हात पुढं केले. गावातल्या बायकांचे हात डॉक्टर बोटांनी उलटवून पाहायचा. आमची टोली गावाबाहेरची. आमचे हात तो पेन्सिलीनं उलटवायचा. देश स्वतंत्र झाला होता, शिवाशीव कायद्यानं बंद झाली होती, असं शाळेतला मास्तर सांगायचा. डॉक्टरची पेन्सिल काही शाळेत गेली नव्हती.

"साफ आहे. चल, पुढची."

"साहेब, हात बरे हायेत. छातीत दुखते. खोकल्यानं जीव जाऊन राहिला."

डॉक्टरनं वर पाहिलंच नाही. "खाँसी इसमें नहीं आती."

सट्टेदार खिदळला. "कावो, छातीनं बिड्या वळतेस का?"

सगळी ओसरी हसली. मायनं पदर ओढून घेतला. नवरा गेल्यावर दोन हातांवर मला वाढवलेली बाई ती, भर बाजाराच्या दिवशी लाजेनं चिंधीसारखी गोळा झाली. मी मागंच उभी होते. सतरा-अठराची असेन.

हा डॉक्टर आमच्याकडं आला कसा, ते सांगते. आदल्या साली सट्टेदार टोलीत आला होता. म्हणाला, सरकारी दवाखान्यात काय मिळते? लाल पाणी. तेही बाटली घरची न्यावी तेव्हा. उन्हात बसा, कंपाउंडरच्या शिव्या खा. त्यापरीस रोज एक कट्टा डॉक्टरच्या नावानं देत जा. कट्टा म्हणजे पंचवीस बिड्यांची जुडी. "घरबसल्या डाक्तर. दुखलं-खुपलं तो पायते. ज्याले द्याचा त्यानं द्यावा, नाई त्यानं नोको. जबरदस्ती नाई बाप्पा."

टोलीत हाच विषय. द्यावा की न द्यावा. शेजारची सखूकाकी म्हणे, "सरकारी हाये ना फुकटचा, मंग हे आणखी कायले? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." माय म्हणे, "असू दे वो. फुकटाले कोणी इचारत नाई. आपलं काही देलं तं आपला हक्क रायते. सरकारी हायेच, हाही राहू दे जोडीले." शेवटी सखूकाकीसकट सगळ्यांनी द्यायचं ठरवलं.

मायचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कोणालाही तेच वाटलं असतं. तिनं वर्षभर कट्टा दिला. अंगात ताप असताना दिला. चांगल्यातल्या चांगल्या बिड्यांचा दिला, कारण डॉक्टरच्या कट्ट्यात छाट चालत नव्हती!

त्या दिवशी ओसरीवरच तिला उबळ आली. थांबेचना. पदर तोंडाला लावला, काढला, तर रक्त. डॉक्टर खुर्चीसकट मागं सरकला आणि सट्टेदाराच्या कानाला लागला. मग सट्टेदार जे बोलला ते मला जसंच्या तसं पाठ आहे.

"उद्यापासून तुहा पत्ता बंद. बिड्या लोकायच्या तोंडात जातेत. गिऱ्हाइकाले रोग लागला तं शेठ मले फाडून खाईन. डाक्तर त्याच्याचसाठी ठेवला हाये."

त्याच्याचसाठी!

मायला धरून घरी नेताना ते शब्द डोक्यात भणभणत होते. म्हणजे आमचे हात पाहायचे ते कशाला? आमची खरूज, आमचा नायटा गिऱ्हाइकाच्या ओठाला लागू नये म्हणून. खरूज दिसली की मलम द्यायचे तेही त्यासाठीच. आणि या राखणीचा खर्च कोण करत होतं? शेठ नाही. गिऱ्हाईक नाही. आम्ही. कुठल्या शहरात पाय पसरून धूर सोडणाऱ्या बाबूचं तोंड निरोगी राहावं, म्हणून माझी आजारी माय तापात बिड्या वळत होती. आणि आम्ही त्याला आमचा डॉक्टर म्हणत होतो! काय हे नशीब, असं तोंडावर आलं होतं. मग वाटलं, नशिबाला कशाला मध्ये आणायचं? हे माणसांनी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मायला बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथंही कोणी ओवाळायला उभं नव्हतं. कंपाउंडर खेकसला, "बाटली नाही आणली? मग औषध काय ओंजळीत देऊ?" नंबर आला तेव्हा दुपार कलली होती. डॉक्टर नवखा, जागरणानं डोळे लाल, वैतागलेला. पण त्यानं नळी मायच्या छातीला लावली. पाठीवर आपला हात ठेवून वरून बोटांनी ठोकून पाहिलं. पेन्सिल नाही. हात. "श्वास घे. सोड." माय रडायलाच लागली. तो म्हणाला, क्षय आहे. आठवड्यातून दोनदा इंजेक्शन, पुष्कळ महिने. दूध, अंडी द्या. तंबाखूजवळ बसवू नका.

इंजेक्शन फुकट होतं. असेल तेव्हा. नसलं की, "संपलं, परवा या."

पंधरवड्यानं सट्टेदारानं मला बोलावलं.

"तुहे हात चांगले हायेत. तुले पत्ता देतो. पन डाक्तरचे कट्टे दोन. एक तुहा. एक मायच्या रोगाचा. घरात रोग हाये, तं जोखीम जास्त."

मी पत्ता घेतला आणि घरी आले. मायला दूध पाहिजे. दुधाला काम पाहिजे. कामाला कट्टा पाहिजे. मी पत्त्या-तंबाखूचं सूप मांडीवर घेई, खाली ठेवी. अंगणात येई, आत जाई. एका जागी बसवेना. वाटे, द्यावेत दोन कट्टे, मरो ते. लगेच ती खिदळणारी ओसरी आठवे, आणि बोटं वळतच नसत.

"दे वो बाई," माय म्हणाली. "दोन कट्ट्यानं काय हाड झिजते? उद्या सरकारचं इंजेक्शन बंद पडलं तं?"

"तं हा डाक्तर देईन का?"

मायनं तोंड भिंतीकडं वळवलं.

"सांग ना वो. देईन का?"

"नाई."

"मंग कायले देऊ?"

"भांडू नोको, बाई. आपल्याले त्यायच्याच गावात राहाचं हाये."

मला तिचा राग आला. भयंकर राग. ती मरायला टेकली होती आणि अजून त्यांचीच मर्जी सांभाळत होती. मग तिला दम लागलेला पाहिला आणि राग आला तो त्यांचा.

संध्याकाळी ओसरीवर बिड्या मांडल्या. सट्टेदारानं मोजल्या. एकही छाट निघाली नाही.

"डाक्तरचे कट्टे कुठी?"

"नाई आणले."

"काऊन?"

"माह्या मायच्या छातीले तुह्या डाक्तरनं हात लावला नाई. तुह्या गिऱ्हाइकाच्या तोंडाची राखण मी कायले करू? ते शेठले सांग."

जन्मात पहिल्यांदा मी त्याला तुम्ही म्हटलं नाही. त्यानं माझ्या सगळ्या बिड्या हातानं ढकलून छाटीच्या टोपल्यात टाकल्या. "हे घे. तुही सारीच छाट. जाय आता." सखूकाकीनं आपल्या सुपातला डॉक्टरचा कट्टा मुकाट्यानं उचलला आणि पदरात घेतला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्यांना मी बोल लावत नाही. त्यांच्या घरी लेकरं होती.

मी धानाच्या गिरणीत कोंडा उपसायला लागले. अंगभर खाज, मजुरी थोडी. दूध कधी आणलं, कधी नाही.

पुढच्या खेपेला दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला, "संपलं. गोंदियाच्या दुकानात विकत मिळतं, घेऊन या."

"इकत नाई घेत. हे सरकारनं द्याचं हाये. कोण मागवते? त्याचं नाव सांगा."

"तू कोण विचारणारी?"

"जिची माय मरून राहिली ते."

मायला सावलीला टेकवलं आणि मी डॉक्टरच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. मागची माणसं ओरडत होती. हलले नाही. इंजेक्शन जिल्ह्याहून, भंडाऱ्याहून येतं, एवढं त्याच्याकडून काढून घेतलं. भंडाऱ्याला रेल्वे जाते. औषध पाठवणारा साहेब कुठं बसतो ते विचारायला मला तोंड आहे. तो नाही म्हणाला तर त्याच्यावरचा कोण, तेही विचारीन. माय जगेल की नाही, मला ठाऊक नव्हतं. पण तिच्या औषधासाठी मी आता कोणाची मर्जी विकत घेणार नव्हते. मागणार होते. ओरडून.