रुईवरच्या अळ्या आणि चुकलेला शनिवार

पहिलं मूल पोटातच गेलं होतं. म्हणून दुसऱ्या वेळी आईने पत्रातून बजावलं, 'बाळंत होईपर्यंत दर शनिवारी मारुतीला रुईची माळ घाल. एकही चुकवू नकोस.' आखातातल्या या फिंतासच्या वाळूत रुई कुठून आणायची, हे काही तिने लिहिलं नव्हतं.

शेजारच्या रत्नागिरीकर खालांनी गुडघे शेकायला म्हणून गावाहून रुईचं रोप बोटीने आणलं होतं. कुंपणाशी त्याचं चांगलं झुडूप झालं होतं. त्यांचे गुडघे आणि माझा मारुती, दोघांचंही त्यावर भागायचं.

डॉक्टरांनी बोटीचा प्रवास बंद केल्यामुळे माहेर लांबच राहिलं. दुपारी समुद्राचा वारा सुटला की मी झुडपाजवळ खाट टाकून पडायचे. जागी आहे की झोपेत, माझं मलाच कळत नसे.

आठव्या महिन्यात पानांवर अळ्या आल्या. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, पिवळ्या ठिपक्यांच्या, आणि महाखादाड! शुक्रवारी संध्याकाळी पाहिलं तर जेमतेम माळेपुरती पानं उरलेली.

"झटकून टाक की," हे म्हणाले.

मी हात पुढे केला, तेवढ्यात खाला ओरडल्या, "नको गो बाय! दोन जिवांची तू, कोणाच्या तोंडचा घास काढू नको. माझे गुडघे दुखू देत."

मला रागच आला. अळ्यांचा, खालांचा, सगळ्यात जास्त मारुतीचा. पण हात मागे घेतला. शनिवारी तसबिरीपुढे नुसता दिवा लावला आणि भीतीने दिवसभर जेवले नाही.

पुढच्या शनिवारपर्यंत माळेपुरती कोवळी पानं पुन्हा फुटली. देठांना हिरवे कोश लटकले, सोनेरी टिकल्या लावल्यासारखे. एका सकाळी त्यातून केशरी फुलपाखरं निघाली. ओले पंख वाळवून एकेक भिंतीवरून समुद्राकडे गेलं.

"आपल्या मुलुखाला जातील बघ," खाला म्हणाल्या. खरंखोटं कोण जाणे, पण मला त्या फुलपाखरांचा हेवा वाटला. त्यानंतर कित्येक दुपारी डोळे मिटले की ती पाण्यावरून जाताना दिसायची.

बाळ जन्मलं ते निळसर आणि गप्प. नर्स त्याची पाठ चोळत राहिली. मला तो चुकलेला शनिवार आठवला, पण मी मारुतीची क्षमा मागितली नाही. मनातल्या मनात भांडलेच, "तुझी पानं मी इतक्या जिवांना चारली. माझा एक तेवढा राहू दे."

आणि लेकीने असा टाहो फोडला की नर्ससुद्धा दचकली.