बापाच्या मातीचा दोना

माझ्या बापाला मातीला न्यायला गावातले खांदे मिळाले नाहीत. कारण मी. आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही, म्हणून पहिल्यांदा हेच लिहितो.

गाव गडचिरोली जिल्ह्यातलं, जंगलातलं, पस्तीस घरांचं. आम्ही गोंड. त्या पस्तीस घरांत पहिला बी.ए. मी, आणि एम.ए. पण मीच. याचा मला गर्व होता आणि अजूनही आहे, खोटं कशाला बोलू. पाचवीपासून आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहिलो, पुढे चंद्रपूरला कॉलेज केलं, मग तिथून जवळच्या मूल गावात ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली. गावात जायचं ते सुटीपुरतं. त्यामुळे गावाचा सगळा रिवाज मला येतो असं मी समजत होतो, पण मला अर्धाच येत होता. ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

दारू मी गावात शिकलो नाही. हेही सांगून टाकतो, कारण जंगलातला माणूस पितो म्हटलं की शहरातल्या लोकांना पुढचं काही विचारावं वाटत नाही. माझा बाप सणाला, लग्नाला, कोणाच्या मातीला मोहाच्या दारूचे दोन दोने, म्हणजे पानाचे द्रोण, घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजूला रानात असायचा. मी शिकलो चंद्रपूरच्या भाड्याच्या खोलीत, इस्त्रीचा शर्ट घालून, बाटलीतली. आधी शनिवारची, मग रोजची, मग नोकरी लागल्यावर वर्गावर जायच्या आधीची. मूलला बस स्टँडमागच्या नालीच्या काठावर एका सकाळी मी पडलेला होतो. आमच्या कॉलेजच्या शिपायाने मला पाहिलं.

हा शिपाई सिरोंच्याकडचा, ख्रिस्ती, सातवी नापास. मी त्याला कधी नीट हाक मारली नव्हती. त्याने मला सायकलवर घालून घरी नेलं, अंगावर ओतायला पाणी दिलं, पेज दिली आणि म्हणाला, "सर, मी प्राचार्यायले काही सांगणार नाई. पण त्यायनं इचारलं, तर खोटंही बोलणार नाई."

प्राचार्यांनी विचारलं नाही. मी मात्र त्या दिवसापासून त्याला भाऊ म्हणायला लागलो.

त्याच्याबरोबर मी मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनासभेत, जाऊ लागलो. भाड्याची खोली, वर टिनपत्रे, वीस-पंचवीस माणसं. देवाने मला आवाज दिला, उजेड दिसला, असं काही झालं नाही. मला देव भेटला तो संध्याकाळी सहा ते आठ या वेळात. हीच माझी पडायची वेळ होती. या वेळी भाऊ मला त्याच्या स्वयंपाकघरात बसवायचा आणि पुढ्यात सुपात तांदूळ ठेवायचा. मी खडे निवडायचो, तो तेलुगूत काहीतरी पुटपुटत प्रार्थना करायचा. हात कापत असले की खडा सापडायचा नाही, मग तोच तांदूळ पुन्हा. मी एकदा चिडून म्हणालो, "भाऊ, मला आता ताकद आली आहे. उद्यापासून येत नाही."

"ताकद आली म्हणता तिथीच तुम्ही पडता, सर. ताकद नाई म्हणून तर त्याच्यापाशी मागाची. रोजची रोज मागाची. उद्याची आज भेटत नाई."

स्टँडमागचा रस्ता त्याने माझा बंद केला. शाळेच्या बाजूने लांबून जायचं, दहा मिनिटं जास्त लागली तर लागू दे. शहाणपण म्हणजे मोठं काही असतं असं मी एम.ए. होईपर्यंत समजत होतो. ते दहा मिनिटं लांबून चालणंही असतं, हे मला सातवी नापास माणसाने शिकवलं.

वर्षभराने बाप्तिस्मा घेतला. मंडळीत उभा राहून साक्ष दिली. मी कसा पडत होतो, कुठे पडत होतो, प्रभूने कसं धरलं, सगळं. लोक आमेन म्हणाले. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. अनोळखी लोकांपुढे स्वतःची घाण उघडी करायला लाज वाटली नाही, उलट मला छान बोलता येतं याची थोडी ऐट वाटली. नंतर दोन-तीन ठिकाणी बोलावलं, तिथेही दिली.

गावात मात्र एक शब्द नाही. गावात मी पहिला बी.ए. होतो. बापाने सणाला दोना पुढे केला तेव्हा मी म्हणालो, "मी घेत नाही. आम्ही आता प्रार्थनेला जातो." त्याने तो दोना स्वतः घेतला. पुढच्या सणाला त्याने माझ्यासाठी भरला नाही. मला बरं वाटलं, सुटलो एकदाचा.

बाप गेला तो चैत्रात. सकाळी मोहफुलं वेचून आला, टोपली ठेवली, भिंतीला टेकून बसला तो उठलाच नाही. मायने निरोप पाठवला. भाऊ मला बसवर सोडायला आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याने प्रार्थना केली आणि म्हणाला, "तिथी दारू येईन. तुमच्या लोकायचा रिवाज हाय तो, येणारच. तुम्ही ऐटीत नका बोलजा. मंडळीत सांगता तसं सांगजा."

मी हो म्हणालो.

गावात शिरलो तर अंगणाअंगणात मोहफुलं वाळत पडली होती. तो वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही. गोड असतो, आंबूस असतो, टाळूला चिकटतो. तीन वर्षं झाली होती मला दारू सोडून. बापाला पाहून रडू यायच्या आधी माझ्या तोंडाला पाणी सुटलं. हे मी आजवर भाऊलाही सांगितलं नव्हतं.

आमच्या गावात मातीचा रिवाज असा. तिरडी बांधली की मोठ्या पोराच्या हातात पळसाच्या पानाचा दोना देतात. त्यात मोहाची. पोराने थोडी जमिनीवर पूर्वजांना सांडायची, एक घोट स्वतः घ्यायचा आणि दोना पुढे द्यायचा. तो दोना ज्याच्या ज्याच्या हातून फिरतो, ते खांदा देतात. मेलेल्या माणसाचं आणि गावाचं काही उरलं-सुरलं नाही, सगळं फिटलं, असा त्याचा अर्थ.

भूमक, म्हणजे आमच्या गावची पूजा करणारा म्हातारा, दोना घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. उन्हाने दारू गरम झाली होती, वास सरळ नाकात आला. मला आतून माहीत होतं, एक घोट म्हणजे एक घोट राहणार नाही. संध्याकाळपर्यंत मी कुठे पडलेला असेन ते मला दिसत होतं. मनात प्रभूचं नाव घेतलं, आणि तोंडाने जे बोललो ते असं:

"आम्ही ख्रिस्ती आहोत. ही घाण आमच्यात चालत नाही. तुम्हीही आता सोडा हे."

भूमकाने दोन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग आमचा हात कसा लागन, बाबू?"

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "येमे झालं ना पोट्टं. त्याले आता आपण घाण."

भूमकाने दोना बापाच्या पायाशी जमिनीवर ठेवला आणि तो बाजूला झाला. त्याच्यामागे एकेक जण. रागाने नाही गेले. मीच त्यांना हात लावायला जागा ठेवली नाही, त्याला ते काय करणार. राहिलो मी, माझ्या बहिणीचा नवरा आणि परगावचे दोन मामेभाऊ. आम्ही चौघांनी उचललं. खड्डा गावाने सकाळीच खणून ठेवला होता. बुजवायला आम्ही चौघं आणि माय. माय हातांनी माती लोटत होती. मी म्हणालो, "माय, तू बस." तिने ऐकलं नाही.

मूलला आलो आणि भाऊला सांगितलं, "दारू आली होती. मी घेतली नाही." त्याने देवाचे आभार मानले. मीही मान खाली घालून आमेन म्हणालो. बाकीचं सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुटीत गावी गेलो. माय त्या सहा महिन्यांत माझ्याशी कामापुरतं बोलली होती. तिच्या बोलण्यात अर्धी गोंडी, अर्धी मराठी, मी मराठीत लिहितो. ती धान पाखडत होती. मी म्हणालो, "बाबाच्या मातीवर आठवणीचा दगड ठेवायचा आहे ना? कधी ठेवतात?"

"ठेवला."

"कधी?"

"पोळ्याच्या मांगं. तुले सांगितलं नाई."

तिने सूप खाली ठेवलं.

"एक इचारू? तू मोठा शिकलेला. त्या दिवशी तुया हात कापून राह्यला होता. मी पाह्यलं. काऊन कापून राह्यला होता?"

मायला मी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. चंद्रपूरची खोली, नाली, शिपाई, सगळं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे बिमारी."

"हो. बिमारीच म्हण."

"मंग बिमार माणसाले कोण पाजते?"

मला समजलं नाही.

"तुया बापाची छातीची दवा चालू होती ना, तू होस्टेलात होता तवा. त्याचा भाऊ मेला. डॉक्टरनं घेऊ नको म्हटलं होतं. यानं दोना कपाळाले लावला न् पुढं देल्ला. झालं. बिमार माणूस कपाळाले लावते. लहान पोट्ट्यालेही माहीत हाय." ती पुन्हा सूप उचलत म्हणाली, "तू सांगितलं काऊन नाई?"

मी वसतिगृहात होतो. तिथे मला इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र शिकवलं. हे कोणी शिकवलं नाही, आणि मी कोणाला विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र इथे सांगितली पाहिजे. पूर्वजांच्या नावाने मी दारू सांडली नसती. कपाळालाही लावली नसती. माझा विश्वास त्याला परवानगी देत नाही आणि आजही देत नाही. ते मी उद्याही नाकारीन. पण त्या दिवशी मला ज्याने थांबवलं तो नुसता विश्वास नव्हता. मी घाबरलो होतो. आणि ती भीती झाकायला मी देवाला पुढे केलं, आणि दुसऱ्याच्या दोन्याला घाण म्हणालो. एका पापातून देवाने मला वाचवलं, त्याच श्वासात मी दुसरं केलं. पहिल्यावर सगळे आमेन म्हणाले, म्हणून दुसरं मला दिसलं नाही.

त्याच दुपारी भूमकाकडे गेलो. तो दोरी वळत बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ख्रिस्ती आहे म्हणून सांडणार नाही, तेही सांगितलं आणि पिणारा आहे म्हणून भ्यालो, तेही.

तो दोरी वळत राहिला. मग म्हणाला, "ह्या दोन गोष्टी हायेत, बाबू. एक आम्हाले पटत नाई. दुसरी आम्हाले समजली असती."

"माझं चुकलं."

"मले सांगून काय फायदा? मी एकटाच खांदा देणार होतो का? ज्यायले घाण म्हटलं त्यायले सांग."

"सगळ्यांना बोलावता का?"

"बोलावून? भाषण देतं का आता?" तो पहिल्यांदा हसला, पण चांगलं हसला नाही. "पाय हायेत ना. घरोघरी जाय."

मंडळीत माइकसमोर साक्ष देणं सोपं आहे, हे त्या दिवशी कळलं. दारात उभं राहून, धोतर पिळणाऱ्या किंवा बैलाला पाणी पाजणाऱ्या माणसाला सांगायचं की मी दारूडा आहे, अजूनही भीती वाटते, म्हणून तसं बोललो. दर वेळी आधी मनात मागायचो, पुढच्या घरापुरतं दे. एका घरात म्हणाले, "बरं बरं, पाणी पे." एका घरात कोणी वर पाहिलं नाही. एकाने मोठ्याने बायकोला हाक मारली, "अवो, इकडे ये, मास्तर बेवडा होता म्हणते," आणि दोघं पोट धरून हसले. एकाने हसत हसत खरंच बाटली काढली. मी तिथून निघालो, तर तो मागून म्हणाला, "नाई नाई बाप्पा, मजाक केला. बस." मी बसलो नाही.

सतराव्या की अठराव्या घरी बापाच्या बरोबर मोहफुलं वेचायला जाणारी एक म्हातारी राहते. तिने सगळं ऐकून घेतलं. डोळे बारीक करून विचारलं, "बापाले सांगितलं होतं?"

"नाही."

"कधीच नाई?"

"नाही, बाई."

"मंग तो तसाच गेला," ती म्हणाली. "मले म्हणे, पोट्टं माह्या हातचं घेत नाई आता. मोठं झालं."

ती आत गेली आणि तिने दाराची ताटी ओढून घेतली.

मी पुढच्या घरी गेलो.