स्वप्नाला स्केचपेन, संमतीला अंगठा

त्यानं आईचा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर उमटवला. आईला विचारलं नाही. तिच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. पुढच्या नावावर बोट ठेवत "चला, पुढचं कोण" म्हणाला, आणि स्वतःची बोटं रुमालाला पुसली.

मी आईच्या शेजारी उभी होते. हातभर अंतरावर.

आमची वसाहत महापालिकेच्या सफाई कामगारांची. दोन-दोन खोल्यांच्या चाळी. आधी आजा कामाला होता, मग बाबा, बाबा गेल्यावर त्यांच्या जागी आई. तिघांनी हे कोल्हापूर झाडलं. खोली मिळाली तेव्हा इथं गाव संपत होतं, म्हणून तर आम्हाला इथं ठेवलं. आता गाव आम्हाला ओलांडून लांब गेलंय. पुढं रुंद रस्ता झालाय. राजारामपुरीत जागा बघून दमलेले लोक इथं गाडी थांबवतात आणि म्हणतात, जागा झकास आहे. जागा झकास झाली, तेव्हा कुठं वरच्यांना आमच्या गळक्या छपरांची दया आली.

तर पुनर्विकासाची बैठक होती. वसाहतीच्या समाजमंदिरात, रविवारी सकाळी. बॅनरवर मोठ्या अक्षरात 'लोकसहभाग'. महापालिकेचे एक साहेब आलेले. नकाशे करणाऱ्या कंपनीच्या एक मॅडम आलेल्या. त्यांच्या हातात माईक. "घर तुमचं आहे, तुम्हीच ठरवायचं," त्या म्हणाल्या. मग पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या, रंगीत स्केचपेनं वाटली. स्वप्नातलं घर कसं असावं ते लिहा, लिहिता येत नसेल तर चित्र काढा.

लोक हसले, पण लिहायला बसले. कुणी लिहिलं, सैपाकघराला खिडकी पाहिजे. कुणी लिहिलं, पाणी वरपर्यंत चढलं पाहिजे. आईनं चष्मा लावला आणि निळ्या पेनानं सावकाश लिहिलं : दार रस्त्याच्या बाजूला पाहिजे. खाली पूर्ण नाव घालून सही केली.

ती दुसरं काय लिहिणार? पेठेतल्या घरांचं गटार काढायला आजा मागच्या बोळानं जायचा आणि मागच्या बोळानंच परत यायचा. पुढच्या दारानं पाऊल टाकायची मुभा नव्हती. तहान लागली तर वरून ओंजळीत पाणी. आईनं हे सासऱ्याच्या तोंडून ऐकलेलं.

मॅडमनी तिची चिठ्ठी माईकवर वाचली. "वा, आजी, किती छान!" टाळ्या झाल्या, फोटो निघाला. चिठ्ठी फळ्यावर चिकटली.

मग स्केचपेनं गोळा केली आणि हा फाईलवाला आला. त्याच्याकडं शाईचा पॅड होता. पेन नव्हतं. स्वप्नं लिहायला रंगीत पेनं, आणि संमतीला अंगठा.

आई म्हणाली, "सही येती मला."

"येत असेल हो मावशी. पण एवढ्या लोकांच्या सह्या कधी व्हायच्या? अंगठा लावा आणि मोकळ्या व्हा."

मला माहीत होतं आईची सही कशी आली ते. पगाराला पूर्वी ती अंगठा लावायची. तिथला कारकून रजिस्टर टेबलावर लांब सरकवायचा, स्वतः मागं व्हायचा आणि म्हणायचा, "या, अंगठेबहाद्दर." दर महिन्याला. सगळ्यांसमोर. एका महिन्याला आईचं डोकं सणकलं. घरी आली, पाटी घेतली आणि विहारात बायकांचा अक्षरांचा वर्ग चालायचा तिथं जाऊन बसली. चाळिशीची बाई. दिवसभर झाडू मारून सुजलेली बोटं. 'क' गिरवताना रडायची, असं शेजारच्या मावशी सांगतात. पण त्यानंतर तिनं अंगठा कधी लावला नाही. निवृत्तीच्या कागदावरसुद्धा नाही.

आणि त्या दिवशी लावून घेतला गेला. माझ्या देखत.

आता माझं सांगते. मी कोर्टाबाहेरच्या दुकानात टायपिस्ट आहे. प्रतिज्ञापत्रं, करारनामे, संमतीपत्रं दिवसभर टाइप करते. वाचल्याशिवाय सही करू नका, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. आणि तिथं मी गप्प. का? साहेब होते. चहा येत होता. चांगलं चाललेल्या कार्यक्रमात वाईट कशाला दिसायचं, असं वाटलं. शिकलेल्या माणसाची लाज ही अशी असते, ती नको तिथं येते. मला आज त्याची किळस येते.

यादीत आईखाली माझं नाव होतं, मग त्या फाईलवाल्यानं माझं मनगट धरलं. मी हात हिसडला.

"वाचल्याशिवाय न्हाय."

"सगळ्यांनी दिलंय की. तुम्हालाच काय झालं?"

मी त्याच्या हातातला कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. 'सदर भोगवटादार हे मागील भूखंडावरील पुनर्वसन इमारतीत, नाल्याकडील स्वतंत्र प्रवेशमार्गासह, सदनिका स्वीकारण्यास राजीखुशीने संमती देत आहेत. मजकूर वाचून दाखवला व समजला.' पुढचा भूखंड विक्रीसाठी. विकत घेणाऱ्यांना रस्ता, आम्हाला नाला.

"म्हंजे आम्ही नाल्याकडनं यायाचं?" मागून कुणीतरी विचारलं.

साहेब हसले. "ताई, ते तांत्रिक असतं. तुम्हाला नाही कळायचं."

"ह्येच कळतंय मला. ह्याच्यावरच पोट हाय माझं."

गलका झाला. लोक आपापले कागद मागायला लागले. फाईलवाल्यानं फाईल छातीशी धरली. म्हणाला, लागलेला अंगठा परत घेता येत नसतो. मॅडम फळ्याजवळ उभ्या होत्या, आमच्या स्वप्नांना पाठ लावून.

आई उठली. "पेन दे," मला म्हणाली. पेन माझ्या पर्समध्येच होतं, पहिल्यापासून. तिनं फाईल टेबलावर ठेवायला लावली, आपला कागद शोधला आणि अंगठ्याखाली लिहिलं : वाचून दाखवलं नाही. मान्य नाही. सही केली. कुणी तिला अडवलं नाही.

घरी आल्याबरोबर ती मोरीकडं गेली. खाली बसून वजरीनं अंगठा घासला. शाई गेली तरी घासत राहिली. मी म्हटलं, "आई, पुरे की." तिनं वर बघितलं.

"तुजं मनगट धरलं तवा तोंड फुटलं व्हय तुला? माजा अंगठा धरला तवा शेजारीच हुतीस की."

त्या फाईलवाल्यानं केला त्यापेक्षा हा अपमान मोठा आहे, कारण तो मी केला.

घरटी एक हरकत आम्ही लिहून दिली. प्रत्येकीखाली सही. महापालिकेकडून दोन ओळींचं उत्तर आलं : बहुसंख्य रहिवाशांची संमती प्राप्त आहे. जागेवर पट्ट्या घेऊन मोजणीवाले येऊन गेले. आईनं त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, मोजा, पण आम्ही जात न्हाय.

पुढची बैठक येत्या रविवारी आहे. बॅनर तोच असेल. मी लवकर जाणार आहे आणि अंगठे घेणाऱ्याच्या टेबलाला लागून बसणार आहे. पहिल्या माणसाचा हात त्यानं धरला, तो कुणाचाही असो, की मी तिथंच बैठक बंद पाडणार. माझी पाळी येईपर्यंत थांबणार नाही. एकदा थांबले, ते आयुष्यभराला पुरेल. नाल्याकडचं दार आम्ही घेणार नाही. पाडायला आले तर आम्ही आत असू, आणि त्यांना पुढच्या दारानंच यावं लागेल.