कानसेनांच्या घरात पडणारी भांडी

गिटारवाल्यांनी त्यांना 'कानसेन' म्हणायला सुरुवात केली त्याला पंचवीस वर्षं झाली. मूळ नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. पुढच्या खोलीत कामाचं टेबल, मागे स्वयंपाकघर, मधे प्लायवूडची भिंत. एवढ्याशा जागेतून त्यांनी शेकड्यांनी ॲम्प्लिफायर ठणठणीत करून परत पाठवले होते. तेही बल्बसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्ह रेडिओतून गेले, टीव्हीतून गेले, पण गिटारवाल्यांनी काही त्यांची पाठ सोडली नाही.

कानसेनांची पद्धत ठरलेली होती. ॲम्प तापू द्यायचा, व्हॉल्व्ह आतून नारिंगी उजळले की पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने एकेकाला हलकेच टिचकी मारायची. शहाणा व्हॉल्व्ह 'टक्' म्हणतो आणि गप्प बसतो. खोडकर असेल तो बारीक किणकिणत राहतो, आणि मग गिटारच्या प्रत्येक सुरामागे ती किणकिण शेपटासारखी लागते. बाकी सगळं मीटर सांगतं, हे मात्र त्यांच्या मीटरला कळत नसे. त्यासाठी कानच हवा.

आणि गेलं वर्षभर कानसेनांना नेमकं तेवढंच ऐकू येत नव्हतं.

हे त्यांना कळलं बसमध्ये. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमचं घड्याळ केव्हाचं वाजतंय." त्यांनी मनगट कानाला लावलं. काही नाही. काट्यांकडे बघितलं, तर गजराची वेळ झालेली. बाकीचं जग छान ऐकू येत होतं, माणसं, गाड्या, दार. वरचा बारीक पट्टा तेवढा कुणीतरी कापून नेला होता. घरी आल्यावर त्यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही, बायकोला तर नाहीच. कानसेनाला ऐकू येत नाही म्हटल्यावर हसायलाही माणसं दुरून येतील!

तेव्हापासून कुठलाही ॲम्प पाठवला की आठ दिवस ते दाराकडे बघत बसायचे, आज परत येईल, उद्या परत येईल. पण आश्चर्य म्हणजे वर्षभरात एकही परत आला नाही.

त्यात भर म्हणून बायकोच्या हातून भांडी पडायला लागली. ती तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, हात यंत्रासारखे चालायचे. पण अलीकडे चमचा पड, झाकण पड, आणि तेही नेमकं कानसेन व्हॉल्व्ह तपासत असताना. घाबरलेला माणूस कशातही अपशकुन बघतो. भांडं पडलं की कानसेनांच्या मनात शंकेचा किडा वळवळायचा आणि समोरचा व्हॉल्व्ह ते सरळ काढून टाकायचे. तिच्या हातांची काळजी मात्र मनातून जाईना. शेवटी त्यांनी गुपचूप डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेऊन ठेवली. सांगायचा धीर होत नव्हता.

बुधवारी सकाळी एक मुलगी आली. मुलगी म्हणायचं, वय असेल बत्तीस-तेहतीस. तिचे वडील कानसेनांचं जुनं गिऱ्हाईक. ते दोन वर्षांपूर्वी गेले आणि त्यांचा ॲम्प तिच्याकडे आला. वडिलांनी रचलेल्या चाली ती दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रित करणार होती. स्टुडिओ एकच दिवस मिळाला होता.

"काका, आवाज बुडाल्यासारखा येतोय. मी दोन नवे व्हॉल्व्ह आणलेत. पण लोक म्हणतात जुनेच घाला. तुमचा कान काय म्हणतो?"

दोष सापडायला वेळ लागला नाही. गिटारचा आवाज ज्यात सगळ्यात आधी शिरतो तो पहिला छोटा व्हॉल्व्ह थकला होता, मीटरची सुई अर्ध्यावरच धापा टाकत होती. कानसेनांनी ड्रॉवरमधून त्याच जातीचा जुना, न वापरलेला व्हॉल्व्ह काढला. आधी तो लावला, मग तिने आणलेल्यांपैकी एक. ती दोन्हींवर वाजवत गेली. कानसेन डोळे मिटून मान डोलवत राहिले. खरं तर दोन्ही आवाज त्यांना सारखेच वाटत होते.

मग त्यांनी पाठांतर बाहेर काढलं. "जोरात वाजवलंस की जुना सुराचे कोपरे घासून गोल करतो. नवा धार ठेवतो. पण जुनं ते सोनं हे सरसकट खरं नाही. काही जुने नुसतेच खरखरतात, आणि काही नवे गुणी निघतात." यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. फक्त त्यातलं काहीही त्यांनी आत्ता ऐकलेलं नव्हतं.

"मग नवाच ठेवू या. बाबांच्या चाली यात स्पष्ट लागतात."

कानसेनांनी पेन्सिल उचलली. टक्. शांत. त्याच क्षणी आत ताटली आपटली.

एरवी त्यांनी तो व्हॉल्व्ह काढलाच असता. पण समोर ही बसलेली. का काढता विचारलं तर काय सांगायचं? त्यांनी सगळा राग आतल्या दिशेला सोडला, "अगं, हाताला काय भोकं पडलीत का?"

मुलीने पुन्हा एक तार छेडली आणि कपाळाला आठी घातली. "काका, मागे काहीतरी बारीक किणकिणतंय का?"

"नाही," कानसेन म्हणाले. फार पटकन म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. "मग माझेच कान गेले असणार. इतकी वर्षं मोठ्या आवाजात वाजवतेय. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणजे नाहीच ते." ती वायर गुंडाळायला लागली.

आत झाकण पडलं. मग पळी. मग पातेल्यांची अख्खी चळत. कानसेन तणतणत स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थबकले. बायकोने आणखी एक झाकण हातात उंच धरलं होतं. हात जराही थरथरत नव्हता. त्यांच्या डोळ्यांत बघत तिने ते शांतपणे सोडून दिलं.

"किणकिणतोय तो," ती हळूच म्हणाली.

कानसेनांना वर्षभरातली सगळी भांडी एकदम आठवली, आणि प्रत्येक भांड्यापाठी काढलेला एकेक व्हॉल्व्ह.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुमचं घड्याळ वाजत राहायचं आणि तुम्ही समोर बसून निवांत जेवायचात, तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगितलंत?"

कानसेनांना हसावं की रडावं कळेना. "आणि मी शुक्रवारी डॉक्टरांची वेळ घेऊन बसलोय. तुझ्या हातांसाठी!"

"राहू दे की ती वेळ. नाव तेवढं बदला. आणि आधी बाहेर जा, ती पोर निघाली."

बाहेर ती ॲम्प उचलायच्या बेतात होती. बिघडलेला व्हॉल्व्ह तर घेऊन चाललीच होती, वर स्वतःच्या कानांवरचा विश्वास इथे टाकून चालली होती. कानसेनांना त्याची फार लाज वाटली.

"थांब. किणकिण आहे. तुला ऐकू येतं ते खरं आहे. मला येत नाही. वर्ष झालं."

तिने त्यांच्याकडे बघितलं. ती रागवेल, उठून जाईल, उद्या सगळीकडे सांगेल, असं सगळं कानसेनांच्या डोळ्यांपुढून गेलं. तिने ॲम्प परत टेबलावर ठेवला. "मग आता कोण ऐकणार?"

"अगं, बाहेर ये जरा," कानसेनांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली.

बायको हात पुसत आली आणि प्रथमच कानसेनांच्या स्टुलावर बसली. कानसेन व्हॉल्व्ह बदलत गेले, टिचकी मारत गेले, मुलगी वाजवत गेली. बायको बोलत होती, "हा बडबड्या, काढा याला. हा जुना समोरच्याचं ऐकून घेतो आणि मग बोलतो. हा दुसरा नवा सरळ बोलतो, पण भांडत नाही."

"हाच," मुलगी म्हणाली. दुसरा नवाच. तिने कुणाला विचारलं नाही, आणि कानसेनांना त्यातच बरं वाटलं.

मग तिने वडिलांची एक चाल अखेरपर्यंत वाजवली. कानसेनांना ती ऐकू आली, तिचा वरचा काठ सोडून. ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिचे डोळे मिटलेले होते.

"कसं वाजतंय गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला पूर्वी ऐकू यायचं ना," ती डोळे न उघडता म्हणाली, "तसंच."